चौदा मजले आणि एक डबा

"चौदा मजल्यांवर पाणी चढवलंय मी. हा तर डबा आहे," दादा म्हणाला आणि बहिणीच्या कॉम्प्युटरचं झाकण त्यानं कुकर उघडावा तसं उघडलं.

दादा प्लंबर. बहीण आर्किटेक्ट. शाळेच्या नव्या इमारतीचा व्हिडिओ बनवताना तिचं मशीन तापून सारखं बंद पडत होतं. चार वाजता शाळेचे साहेब तो बघायला येणार होते. व्हिडिओ तयार असेल तर काम तिला, नाहीतर समोरच्या ऑफिसला. म्हणून तिनं मशीन पाण्यानं गार ठेवायचं सामान मागवलं. लिंबाएवढा पंप, वीतभर नळ्या. ते जोडायला दादाला बोलावलं, एवढंच तिचं चुकलं.

तीन वाजता मशीन पंच्याण्णव डिग्रीला पोचलं आणि बंद पडलं. व्हिडिओ बासष्ट टक्क्यांवर अडकला.

तिनं वाकून पाहिलं. नळीत एक बुडबुडा होता. मघाशीही तो तिथंच होता.

"दादा, पाणी सरकतच नाहीये! एवढ्याशा वाटेवर तू लावलंयस तरी काय काय?"

"दोन कॉक. उद्या दुरुस्ती निघाली तर? एक गाळणी, कचऱ्यासाठी. सात एल्बो, नळी कशी काटकोनात दिसली पाहिजे. आणि मीटर, पाणी किती वाहतंय ते कळायला."

"मग किती वाहतंय?"

दादानं मीटरवर टिचकी मारली. काटा ढिम्म.

"मीटर खराब असेल," तो म्हणाला. "दुसरा लावून बघतो."

"अरे देवा! त्या पंपाचा जीव केवढा! ते अडथळे काढ आधी."

"अडथळे?" दादाला ते लागलं. "ठमे, त्याला फिटिंग म्हणतात."

त्यानं एक एल्बोसुद्धा काढला नाही. गाडीतून अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप आणला, पाण्यानं भरलेल्या एका बादलीशेजारी मांडला आणि नळी त्याला जोडली. खोलीतल्या प्लगला तो झेपेना, म्हणून त्याची वायर दारातून बाहेर, जिन्यातल्या बोर्डाला लावली. कॉक जरासा उघडला. बुडबुडा बंदुकीतून सुटावा तसा गेला. बहिणीनं मशीन पुन्हा चालू केलं, व्हिडिओ बासष्टवरून पुढं सरकला.

पन्नास डिग्री. पंचेचाळीस. बहीण आकड्यांवर डोळे लावून बसली. सत्तर टक्के. नव्वद. चारला पाच मिनिटं असताना पूर्ण शंभर.

"झालं!" ती ओरडली. "दादा, झालं! बंद कर आता. हात जोडते."

"बंद काय? अजून पूर्ण उघडलाय कुठं मी?" दादा दुखावल्या आवाजात म्हणाला. "खरा फोर्स बघ तरी."

त्यानं कॉक पूर्ण फिरवला.

नळी सुटली. पाण्याची चिळकांडी मशीनला चुकवून, टेबलाला चुकवून, दारातून थेट जिन्यातल्या बोर्डावर गेली. फट् असा आवाज झाला. खोलीतले दिवे चालूच राहिले. व्हिडिओलाही काही झालं नाही. फक्त जिन्याची लाईन उडाली आणि त्या लाईनवरची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली.

आत साहेब होते.