सौद्याचा हात

"डॅडी, मी मुलगा असते तर तू गाई विकल्या असत्यास का?"

हे विचारून दाखवच, असं शाळेच्या बसमध्ये वर्गातल्या ग्रानियाने सोरखाला डिवचलं होतं. बाकीच्याही हसल्या होत्या. सोरखाने विचारलं खरं, पण वेळ भलतीच साधली. गाई विकत घ्यायला आलेला व्यापारी मॅलकी गोठ्यासमोर उभा होता. तळहातावर थुंकून त्याने हात पुढे धरला होता. डॅडीची त्यावर टाळी पडली की सौदा पक्का, मग मागे फिरणं नाही. डॅडीचा हात अजून कोटाच्या खिशात होता.

"मर्टी, पोरीला आत पाठव की," मॅलकी म्हणाला. "इकडे माझा हात गारठतोय."

डॅडी कंबर धरून सोरखाकडे वळला. "फीअक्रा सिडनीहून परत येत नाही म्हणतो. माझी कंबर ही अशी. दूध कोण काढणार, सांग."

"दादाला तू फोन करून विचारलंस. मी तिथेच, तुझ्यासमोर बटाटे खात बसले होते."

मॅमी दारात उभी होती. "बसली होती खरी," ती म्हणाली.

"काल पॉली विताना अडली, तेव्हा वासराचे पाय कोणी ओढले?" सोरखाने विचारलं.

"तू," डॅडी म्हणाला. "आणि नंतर गोठ्यामागे जाऊन ओकलीसही तूच."

"वासराला चीक पाजून मग ओकले."

मॅलकीला हसू आवरेना, पण हात त्याने मागे घेतला नाही. डॅडीने खिशातून हात काढला. नुसता त्या हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. आत पॉली वासराला हाक घालत होती.

सोरखा दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. तळहातावर थुंकली. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की पहिल्यांदा काही आलंच नाही. दुसऱ्यांदा जेमतेम जमलं. मग तिने हात डॅडीपुढे धरला.

"गाई कुठेही जात नाहीत. शाळेआधी दूध मी काढणार. शाळा संपली की शेतकी कॉलेज, आणि मग परत इथेच. मॅमी, तूही ऐकून ठेव." तिने हात आणखी पुढे केला. "टाळी दे, डॅडी. माझ्याकडे आता थुंकी उरली नाहीये."