तापातला नैवेद्य

पातेल्यावरचं झाकण उचललं आणि वनजाचं डोकंच फिरलं. शेजारच्या तुंगाने काल आणून दिलेली पेज तशीच आंबली होती. परवाची मोरीत ओतलेली दिसत होती.

"अप्पा, फोनवर तर जेवलो जेवलो म्हणत होता!"

लष्कर मोहल्ल्यातल्या त्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी तिचे वडील कृष्णमूर्ती चादर गुंडाळून पडले होते. व्हायरल तापाने पार खंगले होते.

वनजा शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिनकलला एकटीच राहायची, पेशींवर संशोधन करायची. आई, जानकीबाई, गेल्यापासून ती वडिलांशी फोनवरच बोलायची, आणि बोलायची म्हणजे शिकवायची. या तापातही तिचं रोज तेच चाललं होतं. विषाणू शिरला की पेशी शेजारच्या पेशींना हाक मारते, सावध करते. हाक मारायलाही ताकद लागते, ती साखरेतून येते. उपाशी पेशीचा आवाज क्षीण पडतो. तेव्हा पोटाला थोडं थोडं घालत राहा. स्वतः मात्र प्रयोगशाळेत उभ्याउभ्या बिस्किटांवर भागवायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"लंघन करताय ना? खरं सांगा."

"लंघन नाही गं, सुम्मने, उगीच आपलं..." ते अडखळले. "तापात अंघोळ नाही. पारोशाने देवाला नैवेद्य कसा दाखवू? आणि देवाच्या आधी मी ऊटा करू, जेवू काय? आजारपणात तुझी आई दाखवायची."

वनजाने फोनवर सांगितलेलं सगळं खरं होतं, फक्त या घरात हाक मारायला दुसरं माणूस नव्हतं.

"माझी अंघोळ झालीय, अप्पा," ती म्हणाली.

तिने ताजी पेज शिजवली, गुळाचा खडा घातला. कोनाड्यातल्या विठ्ठलापुढे वाटी ठेवली, तुळशीचं पान टाकलं, भोवती पाणी फिरवलं. पुढचं काही आठवेना, तेव्हा नुसते हात जोडले. मग वडिलांना भिंतीला टेकवून बसवलं आणि चमच्याने भरवू लागली.

अर्धी वाटी पोटात गेली, तसा कृष्णमूर्तींना आवाज फुटला.

"वनजा, उद्या पण येतेस काय गं?"

जानकीबाई गेल्यापासून त्यांनी लेकीला मारलेली ही पहिली हाक होती.