सहा घरं

माझ्या वच्छलेची आई गेली आणि पोरीने मराठी सातवीची शाळा सोडून चूल हाती घेतली. महिन्याने शेजारची म्हातारी तानुबाई दारात येऊन बसली.

"शेषराव, उद्यापासून वार लावून जेव. सोमवार माह्याकडं, मंगळवार गीताबाईकडं. सहा घरं बोलून आली मी."

"मी काऊन? वार शिकणाऱ्या पोरांचे असतात."

"पोरीचं काय, शिळ्या तुकड्यावर भागते. चूल तुह्यासाठी पेटते, बाप्पा! तू जेवाले ये, तिची भाकर बांधून ने. मंग पोरगी शाळेत जाईन."

पन्नाशीच्या वयात मी सहा दिवस लोकांच्या घरी मान खाली घालून जेवलो. कुठे तिखट जास्त, कुठे मीठ कमी. वच्छलेच्या आईच्या हातची चव कुठेच नव्हती. वच्छला मात्र रोज पाटी-पुस्तक घेऊन शाळेत गेली.

रविवारी शाळेला सुट्टी, म्हणून बायांनी तो दिवस वच्छलेवर सोडला होता. मी तिच्या आधी उठलो, पीठ मळले. पहिली भाकर करपली. वासाने जागी होऊन ती चुलीकडे धावली. मी तिला हाताला धरून पाटावर बसवले.

"बस माय. आज तुहा वार माह्याकडं हाय."