वर इस्त्री, खाली पॉलिश

“मावशी, हा वास कसला?” जावईबापूंनी खुर्चीत टेकता टेकता विचारलं.

“कसला वास?” शिवणाऱ्या मावशीने मशीनवरून मान वर केली. तिला खरंच कसलाच वास येत नव्हता. तिच्या भाड्याच्या खोलीच्या बरोबर खाली फर्निचर पॉलिशवाल्याचं दुकान होतं आणि ती तिथे राहायला आली तेव्हापासून हवेला हाच वास होता.

जावईबापू म्हणजे तिच्या भाचीचा नवरा, विम्याचं काम करणारा. मागच्या गल्लीतली इमारत जळाली तेव्हा घरमालकाला भिंतींची भरपाई मिळाली आणि भाडेकरू उघड्यावर आले. ते पाहिल्यापासून मावशीने विम्याचं मनावर घेतलं होतं. खोली दुसऱ्याची असली तरी मशीन तिचं होतं, आणि दोरीवर टांगलेले कपडे गिऱ्हाइकांचे. घरचाच माणूस आहे, स्वस्तात आणि खात्रीचं काहीतरी करून देईल म्हणून तिने त्याला बोलावलं होतं.

“दोन कंपन्या आहेत,” जावईबापू म्हणाले. “एक स्वस्त. ती काही विचारत नाही. का विचारत नाही ते आग लागल्यावर कळतं.”

“म्हणजे?”

“भांडी, कपाट, टीव्ही, एवढंच धरते. मशीनवर तुम्ही कमावता, म्हणजे तो धंदा. धंद्याचं काही मिळत नाही.”

“टीव्ही जळला तर जळू दे हो. पोट मशीनवर आहे. दुसरी सांगा.”

“दुसरी मशीनसुद्धा धरते. गिऱ्हाइकांचे कपडेही. हप्ताही तुम्हाला झेपेल असा आहे. पैसे देताना खळखळ करत नाही.” जावईबापूंनी पुन्हा एकदा वास घेतला. “पण खाली थिनरसारखं चटकन पेटणारं काही असेल तर ती वर विमा देत नाही.”

मावशीने उठून त्यांच्यासमोर पाणी ठेवलं. जावई झाला तरी वयाने मुलासारखाच, आणि तरी त्याच्यापुढे हात जोडायची वेळ आली याची तिला लाज वाटली.

“तुम्हाला वास आलाच नाही असं समजा ना.”

“मी समजेन, मावशी. पण भरपाईच्या वेळी बघायला येतो तो माणूस जावई नसतो.”

खोली सोडावी, तर एवढ्या भाड्यात दुसरीकडे मशीन ठेवण्यापुरती जागाही मिळाली नसती. जावईबापूंनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. जाताना ते दोनदा म्हणाले, “जपून राहा.” जणू इतकी वर्षं ती आगीशी खेळत होती.

खरं तर खेळतच होती, फक्त तिला ते माहीत नव्हतं. विमा मिळाला नाही तो नाहीच, भीती मात्र फुकटात पदरात पडली. जिना उतरताना आयुष्यात पहिल्यांदा तिला तो वास आला, आणि नाकात असा बसला की जाईना.

पॉलिशवाला कपाटाच्या दारावर बोळा फिरवत होता. भांडायचं असं ठरवून ती आली होती. पण त्याला बघून तिचा आवाज चढलाच नाही.

“भाऊ, तुमच्या थिनरपायी मला विमा मिळेना.”

त्याने हात पुसले. “मलाही नाही मिळाला, ताई.”

“तुम्हाला का?”

“वर गॅस पेटतो, इस्त्री चालते म्हणून. मागेच माणूस येऊन बघून गेला.”

“मला बोलला नाहीत कधी.”

“बोलून काय करायचं होतं? तुम्ही काय इस्त्री बंद करणार होता?”

“आणि तुम्ही काय पॉलिश.”

दोघंही हसली. मग हसण्यासारखं काही नाही हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, आणि तो पुन्हा दाराकडे वळला.

मावशी वर आली. संध्याकाळी एक गिऱ्हाईक बाई दोन झगे न्यायला येणार होती आणि दोन्हींना इस्त्री व्हायची होती. रोज ती विचार न करता बटण दाबायची. आज प्लग हातात धरून ती खिडकीशी गेली.

“भाऊ, इस्त्री लावू का?”

खाली डब्याचं झाकण बसल्याचा आवाज आला. “लावा. मी थांबतो.”

तिने पहिला झगा घेतला. खाली एवढी शांतता होती की तिला घाई करावीशी वाटली. तिच्या इस्त्रीपायी एका माणसाचं काम खोळंबलं होतं. कॉलर नीट बसली नाही तरी तिने तशीच सोडली.

“ताई, झाली का? हे दार वाळायच्या आत दुसरा हात मारायचाय.”

तिने प्लग काढला. “मारा.”

गिऱ्हाईक बाई आली तेव्हा एक झगा घडी करून ठेवलेला होता आणि दुसरा चुरगळलेला मांडीवर.

“हा राहिला का अजून?”

“बसा जरा. खाली पॉलिश चाललंय.”

“त्याचा याच्याशी काय संबंध?”

मावशीने गिऱ्हाइकाला खुर्ची दिली, आणि गार होत चाललेल्या इस्त्रीजवळ खालून हाक यायची वाट बघत बसली.