यंत्राला झालेली शिक्षा

भिंतीवरचं यंत्र वाजलं, तशी मालनबाईंनी भाकरी थापणं थांबवलं. थापण्याचा आवाज त्याला ऐकू जायला नको होता.

दवाखान्याच्या याच यंत्रानं त्यांचं मनगटाचं मोडलेलं हाड ‘नुसतं मुरगळलंय’ म्हणून सोडून दिलं होतं. दाव्यात यंत्र हरलं. मालनबाई स्वतः ‘बरं वाटतंय’ म्हणेपर्यंत रोज संध्याकाळी त्यांची विचारपूस करायची, अशी शिक्षा त्याला झाली.

“मालनबाई, फोटोत हाड जुळलेलं दिसतंय. अजून दुखतंय का?”

“तुला तेव्हा तरी कुठे काय दिसलं होतं रे?”

“खरंय. मग उद्या पुन्हा विचारतो.”

“विचार हो,” त्या घाईनं म्हणाल्या.

यंत्र बंद झालं. आता ऐकणारं कुणीच नव्हतं. मालनबाई पुन्हा भाकरी थापू लागल्या, चांगली जोरात.