गुलाबांचा पहारा

आज पुन्हा एक गुलाब गेला होता.

गार्डसाहेब ताटव्यापाशी उभे राहून रिकाम्या देठाकडे बघत होते. गळ्यात शिट्टी, डोक्यावर जुनी काळी टोपी. उभा जन्म त्यांनी आगगाडीच्या शेवटच्या डब्यातून हिरवा बावटा दाखवला होता. आता त्यांचा पहारा बागेतल्या गुलाबांवर.

“जेवायला घरी गेलो, तेवढ्यात साधलं बघा मेल्यानं!”

“तुम्ही आहात म्हणून एकावर भागलं,” बाई म्हणाल्या. “नाहीतर ताटवा बोडका झाला असता.”

बाई म्हणजे शहरातल्या बागा, मैदानं आणि पोहण्याचा तलाव सांभाळणाऱ्या अधिकारी. त्यांच्या खुर्चीवर त्या कमी आणि फायली जास्त बसत. सकाळी तलावाच्या काठावर ओणवं होऊन पाण्याचा वास घेणार, मग मैदानावर मुलींना चेंडू मिळालेत की नाहीत ते बघणार, आणि भर दुपारी बाग रिकामी झाली की झोपाळ्याची प्रत्येक कडी स्वतः चाचपणार. त्यामुळे त्यांच्या एखाद्या तरी बोटाला कायम पट्टी असे.

“बाई, हे काम माझं,” माळी कुरकुरे.

“तुझ्या तयारीचा पूर्वरंग संपेपर्यंत झोपाळा तुटायचा रे बाबा,” बाई म्हणत, आणि पुढच्या झोपाळ्याकडे वळत.

गार्डसाहेबांची सून बाईंकडे आली होती, ती गेल्या वर्षी. सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांनी अंथरूण धरलं होतं.

“दुखणं काही नाही हो. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. ताट जसंच्या तसं परत येतं. तुमच्याकडे एवढे वर्ग चालतात, एखाद्यात घाला ना बाबांना.”

बाईंनी बुद्धिबळाला बोलावलं, हसण्याच्या वर्गाला बोलावलं. म्हातारा जागचा हलला नाही. आणि मग बागेतले गुलाब नाहीसे व्हायला लागले. बाई तडक त्यांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

“गार्डसाहेब, चोर बागेतल्या गुलाबांच्या हात धुऊन मागे लागलाय. माझी माणसं पुरी पडत नाहीत.”

म्हातारा या कुशीवर वळला. “चोर? दिवसाढवळ्या?”

दुसऱ्या दिवशी ते शिट्टी घालून हजर. देव कुठल्या रूपात उभा राहील याचा नेम नाही. या घरापुढे तो चोराच्या रूपात उभा राहिला. गार्डसाहेब जेवायला लागले. आमटीत मीठ कमी आहे म्हणून सुनेला बोललेसुद्धा, आणि हे बाईंना सांगताना ती बोलणी खाल्लेली सून डोळे पुसत हसत होती. हळूहळू आणखी चार म्हातारे बाकावर येऊन बसू लागले. संध्याकाळी गार्डसाहेब शिट्टी मारत आणि अख्खी गाडी बागेला फेरी घालायला सुटे.

ही गाडी अडवली ती उद्यान समितीच्या सभापतींनी.

“बाई, तिथे कॅमेरा बसवतोय. मग म्हातारबुवांना कशाला उन्हातान्हात ठेवायचं? आराम करू दे की.”

“आराम करून करूनच जायला टेकले होते ते. त्यापेक्षा ती घसरगुंडी बदला. पोरांच्या चड्ड्या फाटतात.”

“तुम्ही चोराच्या बाजूच्या की काय?” सभापती हसले.

बाईही हसल्या, जरा उशिरा.

दिव्याच्या खांबावर कॅमेरा बसला आणि चोरी थांबली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सगळा आठवडा ताटवा भरलेला. सभापती खूश झाले.

“बघा, कसा टरकला! सोमवारपासून पहारा बंद. तुम्हीच सांगा त्यांना गोडीगुलाबीनं.”

बाईंनी सांगितलं. गार्डसाहेबांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. त्या रात्री ताट पुन्हा जसंच्या तसं परत आलं, असं सून दुसऱ्या दिवशी येऊन सांगून गेली. ऐकताना बाई खिडकीतून खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. तोडगा भल्यामोठ्या अडचणींवर काढला होता त्यांनी; यावर सुचत नव्हता.

सोमवार उजाडायच्या आत, शनिवारी भर दुपारी, गुलाब गेला.

ऐटीत फुललेला, ताटव्यातला सगळ्यात मोठा. सभापती धावत आले, त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र लावायला सांगितलं. पडद्यावर ताटवा दिसला, मग काळाकुट्ट अंधार, मग पुन्हा ताटवा. एक फूल कमी.

“लबाड! कॅमेराच झाकला की त्यानं!”

“कोणी?” बाईंनी विचारलं. त्या खरोखरच गोंधळलेल्या दिसत होत्या.

“चोरानं, दुसरं कोण!” सभापतींनी कपाळ पुसलं. “छे, यंत्राला काय कळतंय. माणूसच हवा. पहारा चालू ठेवा, बाई. कायमचा.”

ते गेले. थोड्या वेळानं गार्डसाहेब बाईंच्या कचेरीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. शिट्टी गळ्यात परत आली होती. टोपी मात्र डोक्यावर नव्हती, हातात होती. ती त्यांनी टेबलावर उपडी केली. आतून एक मोठा गुलाब आणि हातमोज्यांचा नवा कोरा जोड बाहेर पडला.

“या खेपेला तुमची पंचाईत झाली होती म्हणून काठीनं कॅमेऱ्यावर टोपी घातली आणि मी तोडला, बाई,” ते हळूच म्हणाले. “उद्यापासून पुन्हा तुम्हीच तोडत जा. पण हे घालून. बोटांना काटे लागले की त्या झोपाळ्याच्या कड्यांवर किती दिवस आळ घ्यायचा?”