विंगेतली कुजबुज

वडिलांनी, म्हणजे आबांनी, लिहिलेल्या नाटकावर दादा सिनेमा करत होता. त्यातले आवाज जुळवायचं काम धाकट्या बहिणीकडे होतं.

कामाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याला स्टुडिओत बोलावून घेतलं. "नीट ऐक. प्रत्येक संवादाच्या आधी कुणीतरी तोच संवाद कुजबुजतंय."

दादाने ऐकलं आणि त्याचा चेहराच उतरला. "हे आबा आहेत गं. प्रयोगाला विंगेत उभे राहून नटांना असंच सांगायचे."

"आबांना जाऊन चार वर्षं झाली, दादा. शूटिंग गेल्या महिन्यातलं आहे."

दोघं ऐकत राहिले. शेवटचा संवाद संपला, पडदा काळा झाला. कुजबुज मात्र थांबली नाही.

"दादा, मला भीती वाटतेय," स्पीकरमधून आबा हळूच म्हणाले.

"दादा, मला भीती वाटतेय," ती बोलून गेली आणि तिने दचकून तोंडावर हात ठेवला.

मग आबांनी पुढचं वाक्य सांगितलं. "डॉक्टर, आत्ता तर ती माझ्याशी बोलत होती."

दादाने ओठ घट्ट मिटले. त्याने बहिणीचा हात धरला. तिचा हात गार पडत चालला होता.

वाक्य विसरलेल्या नटाला सांगावं तसं आबांनी ते पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.